पहिलं प्रेम परत आलंय, पण त्याचा साखरपुडा झालाय

‘ताई, मी 43 वर्षांची आहे. नाशिकला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. घटस्फोट होऊन आठ वर्षं झाली. चौदा वर्षांची मुलगी माझ्याजवळ असते. फेब्रुवारीत आमच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं, तिथे तो भेटला. एफ.वाय.पासून टी.वाय.पर्यंत आम्ही एकमेकांचे होतो. जात वेगळी, माझ्या घरून कडाडून विरोध. त्याने रजिस्टर लग्न करू म्हटलं आणि मी वडिलांना घाबरून गप्प बसले. दोन महिने वाट पाहून तो मुंबईला निघून गेला, नंबरही बदलला. एम.एस्सी.ला पुण्याला जायचं होतं, ते माझं तेव्हाच राहिलं. आता फेब्रुवारीपासून आम्ही रोज बोलतो. त्याचाही पहिला संसार टिकला नाही. पण मागच्या महिन्यात त्याचा साखरपुडा झालाय, ठाण्याच्या एका बाईंशी. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलीय. तो म्हणतो, “तू फक्त हो म्हण, मी हे लग्न मोडतो.” त्यानेच मला “फर्स्ट लव्ह” ही जपानी मालिका बघायला सांगितली. तीन रात्रींत संपवली, रडून डोळे सुजले. तिची नायिका याए म्हणजे मीच. दैवाने दिलेली दुसरी संधी घालवली तर मी स्वतःला कधीच माफ करणार नाही. हो म्हणू का?’
– मेघा (नाव बदललं आहे)

प्रिय मेघाताई,

उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. आज, या अटीवर, हो म्हणू नका. त्याच्याशी तुमचं कधीच जुळणार नाही असं मी म्हणत नाही, तुम्हाला जे वाटतंय ते खोटं आहे असंही म्हणत नाही. बावीस वर्षांनी एखाद्या माणसाच्या आवाजाने पोटात कालवाकालव होते, तेव्हा तिथे काहीतरी खरं शिल्लक असतंच. माझा आक्षेप आहे तो त्याने तुमच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाला.

आधी मालिकेबद्दल बोलू, कारण तुमचा निर्णय बराचसा तिच्या भरवशावर उभा आहे. ‘फर्स्ट लव्ह’ मला मनापासून आवडते. नोव्हेंबर 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही नऊ भागांची मालिका लेखक-दिग्दर्शक युरी कान्चिकु यांनी उताडा हिकारु या गायिकेच्या दोन गाण्यांवरून बेतली. एक गाणं 1999 चं, तेव्हा उताडा अवघी सोळा वर्षांची होती. दुसरं 2018 चं. ते पहिलं गाणं ज्या अल्बममध्ये आहे, त्याच्याइतका खप जपानमध्ये आजवर दुसऱ्या कुठल्याही अल्बमचा झालेला नाही. 1999 मध्ये ज्या जपानी मुलामुलींनी एका सीडी प्लेअरचे इअरफोन दोघांत वाटून घेऊन ते ऐकलं, ती आज तुमच्याच वयाची आहेत. मालिका त्यांच्यासाठी केली आहे, म्हणून ती तुम्हाला इतकी लागली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण याए आणि तिचा प्रियकर हारुमिची यांची ताटातूट कशामुळे होते, ते आठवा. दोघांचं भांडण होतं, त्यानंतर तिला अपघात होतो आणि त्याच्याबरोबरची सगळी वर्षं तिच्या डोक्यातून पुसली जातात. ती त्याला सोडत नाही, तोही तिला सोडत नाही. ती फक्त विसरते. कथा लिहिणाऱ्यासाठी ही फार सोयीची जागा असते. कोणी दोषी नाही, म्हणजे कोणी कोणाची माफी मागायला नको. वीस वर्षांनी ती साप्पोरोत टॅक्सी चालवते, तो वैमानिकाचं काम सुटून सुरक्षारक्षक झालाय. ते पुन्हा भेटतात तेव्हा मधला सगळा काळ दैवाच्या खात्यावर मांडता येतो आणि प्रेम जसंच्या तसं, न डागाळलेलं, परत हातात येतं.

तुमच्या बाबतीत कोणी काही विसरलं नव्हतं. त्याने विचारलं, तुम्ही गप्प राहिलात. त्याने दोन महिने वाट पाहिली आणि मग तुम्हाला शोधताही येणार नाही अशी व्यवस्था करून तो गेला. एकविसाव्या वर्षी वडिलांच्या धाकाखाली आणि जातीच्या भिंतीपुढे गप्प बसलेल्या मुलीला मी दोष देत नाही. आपल्याकडे त्या वयात किती मुलींना त्या भिंतीपुढे तोंड उघडता आलं? ज्यांनी उघडलं त्यांना काय भोगावं लागलं, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरीही ती माणसांनी केलेली ताटातूट होती. तिच्याबद्दल तुम्ही दोघं आजवर बोलला आहात का? पानभर पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. रोज बोलता, जुन्या गाण्यांबद्दल, कॉलेजच्या कट्ट्याबद्दल बोलत असाल. ‘तू तेव्हा का गप्प राहिलीस’ असं त्याने विचारलं? ‘तू नंबर का बदललास’ असं तुम्ही विचारलंत?

म्हणून तुम्हाला दुसरी एक जपानी मालिका सुचवते. ‘सायलेंट’. तीही 2022 च्याच शरद ऋतूतली, ऑक्टोबर ते डिसेंबर फुजी टीव्हीवर दर गुरुवारी रात्री लागायची. जपानमध्ये तिने इतकं वेड लावलं की टोकियोतलं सेतागाया-दाईता हे साधं रेल्वे स्थानक बघायला लोक मुद्दाम जाऊ लागले, कारण मालिकेतली दोघं तिथे पुन्हा भेटतात. त्सुमुगी आणि सो शाळेत असताना एकमेकांच्या प्रेमात असतात. कॉलेजात गेल्यावर सोची ऐकण्याची शक्ती जाऊ लागते. तो तिला काही सांगत नाही. दुसरं कोणी आवडतं असं खोटंच कळवून, साध्या मेसेजवर नातं तोडतो आणि सगळ्या मित्रांपासूनही नाहीसा होतो. आठ वर्षांनी स्थानकावर ती त्याला गाठते, आनंदाने बोलत सुटते आणि तो रागाने, डोळ्यांत पाणी आणून, सांकेतिक भाषेत तिला काहीतरी सांगत राहतो. तिला त्यातलं अक्षरही कळत नाही.

तुमची गोष्ट याच्या जास्त जवळची आहे. इथे एक माणूस स्वतःच्या भीतीपायी निघून गेला आहे आणि परत आल्यावर त्याला त्याचा जाब द्यावा लागतो. नंतर त्सुमुगी काय करते? ती सांकेतिक भाषेच्या शिकवणीला जाते. हळूहळू शिकते, चुकते, हातांनी अडखळत बोलते. तिला आठवत असलेला, गाण्यांच्या सीडी देणारा, गप्पा मारणारा मुलगा आता उरलेला नाही हे तिला पचवावं लागतं. समोर आहे तो सव्वीस वर्षांचा एक वेगळा माणूस, ज्याला गाणं ऐकू येत नाही. त्याच्यावर तिचं प्रेम बसतं की नाही हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागतो. तुमच्यासमोरचा माणूसही त्रेचाळीस वर्षांचा आहे. त्याचा एक संसार मोडलाय. का मोडला, तुम्हाला माहीत आहे? त्याच्या बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी?

आता मी ज्या गोष्टीवर अडून बसणार आहे तिच्याकडे येते. ठाण्याच्या त्या बाई.

या दोन्ही मालिकांमध्ये काहो नावाची एकच अभिनेत्री आहे. एकाच हंगामात, दोन वेगवेगळ्या मालिकांत, तिने जवळजवळ एकाच जागी उभ्या असलेल्या दोन बायका केल्या. ‘फर्स्ट लव्ह’मध्ये ती त्सुनेमी आहे, हारुमिचीची वाग्दत्त वधू. ‘सायलेंट’मध्ये ती नाना आहे, जन्मापासून कर्णबधिर असलेली. सो एकटा पडला होता तेव्हा तिनेच त्याला सांकेतिक भाषा शिकवली आणि मनोमन ती त्याच्यावर प्रेम करत राहिली. पुढे सो तीच भाषा त्सुमुगीशी बोलायला वापरू लागतो. तेव्हा नानाला वाटतं की आपण मनापासून दिलेली भेट त्याने वेष्टनात गुंडाळून दुसऱ्या कोणाला देऊन टाकली. हा प्रसंग मी पाहिला आणि नायक-नायिकेचं काय होईल ही काळजी माझ्या मनातून बराच वेळ निघून गेली. पहिल्या प्रेमाच्या पुनर्भेटीची किंमत बहुतेक वेळा तिसरं माणूस मोजतं, आणि त्या माणसाने काहीही वाईट केलेलं नसतं. उलट ते चांगलं वागलेलं असतं, म्हणून तर ते तिथे असतं.

तरी या मालिका मला आवडतात, कारण त्या तिसऱ्या माणसाला अंधारात ठेवत नाहीत. हारुमिचीला त्सुनेमीसमोर उभं राहून खरं बोलावं लागतं. ‘सायलेंट’मध्ये त्सुमुगीचा आताचा प्रियकर मिनातो, जो एके काळी सोचाही जिवलग मित्र होता, आपण होऊन बाजूला होतो, कारण त्याला काय चाललंय ते दिसतं आणि विचारायची हिंमत त्याच्यात असते. प्रेक्षक रडतो तो या खरेपणासाठीही.

तुमच्या पत्रातल्या तारखा मी पुन्हा वाचल्या. तुम्ही दोघं फेब्रुवारीपासून रोज बोलताय. साखरपुडा मागच्या महिन्यात झाला. म्हणजे तो तुमच्याशी रोज बोलत असताना त्याने दुसऱ्या एका बाईच्या बोटात अंगठी घातली. तुम्ही हे इतक्या सहज लिहून पुढे गेलात की तुमच्याही लक्षात आलं नसावं, म्हणून मी इथे थांबते. साखरपुड्याच्या दिवशी त्याने तुम्हाला काय सांगितलं? फोन केला होता का? आणि त्या बाईंना तुमच्याबद्दल काय सांगितलंय? माझा अंदाज, काहीच नाही. त्या बाई आज ठाण्यात बसून साड्या बघत असतील, हॉलला आगाऊ रक्कम दिली असेल, दुसऱ्यांदा लग्न करत असतील तर आईवडिलांना धीर देत असतील. त्यांचं लग्न तुमच्या एका शब्दावर लटकतंय आणि ते त्यांना ठाऊक नाही.

‘तू हो म्हण, मी मोडतो.’ हे वाक्य ऐकायला धाडसी वाटतं. पण त्याने दोन दारं उघडी ठेवली आहेत आणि कोणतं बंद करायचं ते काम तुमच्यावर टाकलंय. तुम्ही हो म्हटलंत तर उद्या लग्न मोडल्याचा दोष तुमचा. नाही म्हटलंत तर तो ठाण्याला लग्न करणार आणि तेही तुमच्यामुळेच. बावीस वर्षांपूर्वी त्याने विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत, त्याचा सल तुमच्या मनात आहे. म्हणून या वेळी पटकन हो म्हणून ते देणं फेडून टाकावंसं वाटतंय. ओढ मला समजते. पण त्या वेळचा प्रश्न आणि आजचा प्रश्न एक नाहीत. तेव्हा तो मोकळा होता आणि तुम्हाला विचारत होता. आज तो बांधलेला आहे आणि तरीही तुम्हालाच विचारतोय.

त्याला त्या लग्नात मन नसेल तर ते लग्न त्याने मोडावं. तुम्ही मिळणार असाल तर नव्हे, तुम्ही मिळाला नाहीत तरीही. दुसऱ्या कोणासाठी रोज झुरत असताना बोहल्यावर उभं राहणं हा त्या बाईंवर अन्याय आहे, एवढं कारण पुरेसं आहे. तो हे करू शकला, एकट्याने, तुमच्या होकाराची हमी न घेता, तर त्याच्याबद्दल तुम्हाला फार महत्त्वाची गोष्ट कळेल. नाही करू शकला तरी कळेल.

याएबद्दल आणखी थोडं. ‘ती म्हणजे मीच’ असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं तुम्ही तिच्या गोष्टीतला एक मोठा भाग बाजूला ठेवून हे म्हणताय. याएला लहानपणापासून विमानात केबिन क्रू व्हायचं असतं. अपघातात ते गेलं. मग तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरशी लग्न, मग घटस्फोट. मुलगा त्सुझुरु वडिलांच्या घरी वाढतो आणि ती त्याला अधूनमधून भेटते. जपानी कायद्यात घटस्फोटानंतर मुलाचा ताबा कितीतरी काळ एकाच पालकाकडे जात असे. दोघांकडे ठेवता येईल असा बदल तिथल्या संसदेने 2024 च्या मे महिन्यात केला. म्हणजे मालिका आली तेव्हाच्या याएच्या वाट्याला मुलाची चोरटी, मोजून मिळणारी सोबतच होती. माझ्या मते मालिकेतले सगळ्यात सुंदर प्रसंग प्रियकराबरोबरचे नाहीत, या मायलेकांचे आहेत. गाण्यांच्या नादी लागलेल्या, स्वतः पहिल्यांदाच प्रेमात पडलेल्या मुलाचं ती ऐकते, त्याला हसत नाही. आणि शेवटाकडे येताना तिला फक्त हारुमिची मिळत नाही. ती केबिन क्रूचा गणवेश घालते. चाळिशीच्या आसपासच्या एका टॅक्सीचालक बाईला तिचं स्वतःचं राहून गेलेलं काम परत मिळतं.

तुमची मुलगी तुमच्याजवळ आहे. याएला जे मिळालं नाही ते तुमच्या घरात रोज शाळेचा डबा घेऊन जातंय. आणि एम.एस्सी.चं तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंत, जणू ते पत्रात चुकून आलं. मला ते चुकून आलेलं वाटत नाही. त्याच वर्षी तो गेला, त्याच वर्षी पुणं राहिलं. दोन्ही गोष्टी मनात एकमेकींत इतक्या गुंतल्यात की तो परत आला तर ती सगळी मेघाच परत येईल असं वाटत असणार. ती त्याच्याकडे नाही. नोकरी सांभाळून बाहेरून एम.एस्सी. करता येतं का, तुमचा विषय कुठे शिकवतात, पतसंस्थेतून किती रजा मिळेल, याची चौकशी या महिन्यात करा. त्याचं काहीही होवो, ही चौकशी करा. यासाठी कोणाच्या साखरपुड्याची वाट बघायला नको.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. त्याला एक निरोप लिहा. रात्री नाही, सकाळी, कामाला जाण्याआधी. माझे शब्द जसेच्या तसे घ्या असं नाही, पण साधारण असा असू द्या: ‘तुझ्या लग्नाचा निर्णय माझ्या हो-नाहीवर ठेवू नकोस. तुझं मन तिथे नसेल तर त्यांना तू स्वतः, समोर बसून सांग. माझं उत्तर त्यानंतरही काय असेल याचं वचन मी आज देत नाही. तोवर आपण बोलणं थांबवू.’ आणि खरंच थांबवा. रोजचं बोलणं चालू ठेवून हा निरोप पाठवलात तर त्याला काही अर्थ राहणार नाही. सुरुवातीचे दिवस फार जड जातील. एखाद्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, हात फोनकडे गेला की तिला फोन लावा.

तो रागावला, ‘तू तेव्हाही अशीच वागलीस’ म्हणाला, तर घाबरून माघार घेऊ नका. तेव्हा तुम्ही काहीच बोलला नव्हतात, आज तुम्ही स्पष्ट बोलताय. हा फरक त्याला दिसायला हवा, आणि नाही दिसला तर तुम्ही तो धरून ठेवा.

त्याने लग्न मोडलं आणि तो मोकळा होऊन आला, तर लगेच पुढची तारीख ठरवू नका. आधी दिवसाउजेडी, चहाच्या टेबलावर, त्या दोन महिन्यांबद्दल आणि बदललेल्या नंबरबद्दल नीट बोला. तुमच्या गप्प बसण्याबद्दलही. तुमचे वडील आज आहेत की नाहीत, तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांचा धाक अजून किती उरलाय हेही स्वतःला विचारा. त्याचा पहिला संसार, तुमचा पहिला संसार, पैसे, कोणी कुठे राहायचं, मुलीचं काय, हे सगळं त्रेचाळीस वर्षांच्या दोन माणसांनी बोलायचं असतं तसं बोला. निदान एक वर्ष जाऊ द्या. इतकी वर्षं थांबलेलं प्रेम खरं असेल तर वर्षभर थांबण्याने आटत नाही.

मुलीला काय सांगायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चौदा वर्षांच्या मुलीला घरातला फोन रोज रात्री कोणाशी चालतो ते कळतं. सुजलेले डोळेही दिसतात. तिला सगळा तपशील नको. ‘कॉलेजातला एक मित्र भेटला, त्याच्याशी बोलून मला खूप काही आठवलं, मी जरा अस्वस्थ आहे, पण तुझ्या बाबतीत काही बदलत नाहीये’ एवढं सांगा. तिने काही विचारलं तर खरं तेच सांगा, तिच्या वयाला झेपेल इतकं. ‘फर्स्ट लव्ह’ तिच्याबरोबर बघू नका, काही प्रसंग तिच्या वयाचे नाहीत. ‘सायलेंट’ बघायला मिळाली तर मात्र दोघी मिळून बघा आणि नाना पडद्यावर येईल तेव्हा तिला काय वाटतं ते तिला विचारा.

निरोप पाठवल्यावर त्याचं उत्तर काहीही आलं तरी मला लिहा, आणि एम.एस्सी.च्या चौकशीचं काय झालं तेही.

तुमची,
ताई